८.१०ची बस आणि साडेनऊचं मस्टर

पत्र

‘मी पुण्यात सिंहगड रस्त्याच्या आतल्या अंगाला असलेल्या एका गावात राहते. नाव छापू नका, गावाचं आणि माझंही. गाव २०२१मध्ये महापालिकेत आलं. टिळक रस्त्यावर एका सीएंच्या ऑफिसात मी अकाउंट्स बघते. साडेनऊचं मस्टर आहे, महिन्यात तीन लेटमार्क झाले की अर्ध्या दिवसाचा पगार जातो. माझी बस ८.१०ची, तिकीट तीस रुपये. ती कधी ८.०५लाच निघून गेलेली असते, कधी साडेआठला येते, कधी येतच नाही. मग पावणेनऊला दोन एकदम येतात. पुढची दरवाजापर्यंत भरलेली, मागची रिकामी. स्टॉपवर वेळापत्रकाची पाटी आहे, पण तिच्यावर कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स बांधलाय, तो दिवाळीपासून तसाच आहे.

आम्ही रोजची आठ-दहा माणसं. घरकाम करणाऱ्या तीन मावशी, एक नर्स, कॉलेजची दोन मुलं, डायलिसिसला जाणारे एक काका. आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. तक्रारीचे अर्ज मीच लिहिते, एकाची नक्कल सोबत जोडलीय. अजून एकाचंही उत्तर आलेलं नाही. परवा कंडक्टरवर सगळ्यांदेखत ओरडले. ‘ताई, मी काय करू?’ एवढंच तो म्हणाला. दिवसभर वाईट वाटत होतं.

मिस्टर म्हणतात, हप्त्यावर स्कूटी घे आणि सोड हा नाद. मला गाडी येते, पण त्या रस्त्याची धास्ती वाटते. शिवाय गाडी घेतली तर मावशी आणि काकांना वाऱ्यावर सोडल्यासारखं होईल. मुलगी बारावीत आहे, तिचा क्लास रात्री आठला सुटतो आणि परतीच्या बसची तीच रड. काय करू?’

– एक बसवाली

उत्तर

ताई,

कंडक्टरचं आधी उरकून टाकू. तो पुन्हा भेटेल तेव्हा ‘त्या दिवशी जरा जास्तच बोलले’ म्हणा आणि विषय संपवा. त्याच्या हातात तिकिटाचं मशीन आहे, बस नाही. शिवाय तो माणूस तुमच्या फार उपयोगाचा आहे. का, ते पुढे सांगते.

आता अर्ज. नक्कल जोडलीत ते बरं केलंत. ‘आमच्या मार्गावरील बसची संख्या वाढवावी, ही नम्र विनंती,’ आणि खाली सह्या. ही मागणी खोटी नाही. शहरी वाहतुकीच्या केंद्र सरकारच्या मापदंडात हजार लोकसंख्येमागे ०.६ बस, म्हणजे लाखामागे ६०, ही चांगली पातळी मानली आहे. २०११च्या जनगणनेत पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून ४८ लाखांवर माणसं होती. तेवढीच धरली तरी २,९००च्या आसपास बस हव्यात. पीएमपीच्या, म्हणजे या दोन शहरांच्या बस चालवणाऱ्या कंपनीच्या, ताफ्यात दोन हजारांच्या घरात बस असतात, आणि २०११नंतर हे शहर कुठच्या कुठे पसरलंय ते तुम्ही रोज खिडकीतून बघताच. तेव्हा बस कमी आहेत, यात वाद नाही.

पण ताई, ‘बस वाढवा’ ही मागणी अर्ज घेणाऱ्याला फार सोयीची पडते. निविदा, अनुदान, दोन महापालिका, राज्य सरकार. ‘प्रस्ताव वर पाठवलाय’ असं तो म्हणतो आणि खरंच बोलतो. तुमच्या ८.१०चा प्रश्न नव्या बसचा नाहीच मुळी. ८.१०ची बस कागदावर आहे. वेळापत्रकात तिची खेप आहे, तिच्यावर ड्रायव्हर-कंडक्टरची ड्यूटी लागलेली आहे. ती ८.१०ला यावी एवढंच तुम्हाला हवंय. मग तेच मागा ना!

नोकरदार माणसाला बस किती आहेत यापेक्षा ती कधी येणार हे कळणं जास्त गरजेचं असतं. तासाला एकच बस, पण घड्याळ लावून येणारी, तर माणूस त्या हिशेबानं डबा भरतो, गॅस बंद करतो आणि पाच मिनिटं आधी स्टॉपवर जातो. दर वीस मिनिटांनी ‘असायला हवी’ अशी बस असली की रोज पाऊण तास आधी घर सोडावं लागतं. हा पाऊण तास कुठल्याच हिशेबात धरला जात नाही. तो तुमच्या झोपेतून जातो, मुलीशी बोलण्याच्या वेळेतून जातो. मावशींचा तर थेट पैशातून जातो. पहिल्या घरी साडेआठला पोचायचं आणि नऊ वाजले, की ‘आज राहू दे, आम्ही घासली भांडी’ ऐकायचं. असं महिन्यात चार वेळा झालं की ते घर सुटतं. काकांचं तर बोलायलाच नको. डायलिसिसला मशीनची वेळ ठरलेली असते, ती चुकली की पुढचा पेशंट आत जातो.

दोन बस एकदम का येतात, हे समजून घेतलंत तर तुमची निम्मी चिडचिड योग्य माणसावर निघेल. पुढची बस कुठेतरी पाच मिनिटं अडकते. त्या पाच मिनिटांत प्रत्येक स्टॉपवर माणसं साठतात. ती चढायला, सुट्टे पैसे काढायला वेळ लागतो, म्हणून ती आणखी रेंगाळते. मागच्या बसला स्टॉपवर कुणी उरलेलंच नसतं, त्यामुळे ती सुसाट येऊन हिला गाठते. पुढे सगळा प्रवास जोडीनं. यात कुणाचा दुष्टपणा नसतो, पण उपाय असतो. सुटण्याच्या ठिकाणी आणि मधल्या एखाद्या मोठ्या थांब्यावर मागची बस दोन-चार मिनिटं रोखून धरायची. त्याला नवी बस लागत नाही. चौकीत घड्याळ बघणारा एक माणूस लागतो आणि त्याचं ऐकलं जावं लागतं.

बस मुळीच येत नाही, त्याची कारणं वेगळी. कधी बिघाड. कधी ड्रायव्हर नाही. पण पुष्कळदा कारण असतं ते रस्ता. एका फेरीला धरलेला वेळ आणि प्रत्यक्ष लागणारा वेळ यांचा मेळ राहत नाही. सकाळपासून प्रत्येक फेरीला उशीर साचत जातो आणि ड्यूटी संपायच्या आत मधली एखादी खेप गळते. ती खेप तुमची असली तर स्टॉपवर फक्त एवढंच कळतं, की बस आली नाही. सिंहगड रस्त्यावर आता उड्डाणपूल झाला, पण ज्या बसला खालच्या थांब्यांवर माणसं घ्यायची आहेत ती खालूनच जाणार. पुलाचा फायदा गाडीवाल्यांना. बसला स्वतःची मोकळी लेन द्यायचा देशातला पहिला प्रयोग याच शहरात, कात्रज-स्वारगेट रस्त्यावर २००६मध्ये झाला होता. त्याचं पुढे काय झालं यावर मी लिहायला बसले तर तुमचं उत्तर राहून जाईल.

आणखी एक. रस्त्यावरच्या सगळ्या बस पीएमपीच्या स्वतःच्या नसतात. बऱ्याच ठेकेदारांच्या आहेत. बस त्यांची, ड्रायव्हर त्यांचा, कंडक्टर पीएमपीचा, आणि ठेकेदाराला पैसे किलोमीटरवर. २०२३च्या मार्चमध्ये थकलेल्या बिलांसाठी ठेकेदारांनी बस बंद ठेवल्या होत्या, तेव्हा लोकांचे जे हाल झाले ते तुम्हाला आठवत असतील. अशा करारांत न झालेल्या खेपांसाठी दंडाची कलमं असतात. म्हणून तुमची ८.१०ची बस ठेक्याची की स्वमालकीची, कोणत्या डेपोची, ड्यूटी कुठून सुरू होते, हे सगळं माहीत हवं. आणि हे तुम्हाला कोण सांगेल? तोच कंडक्टर, ज्याच्यावर तुम्ही ओरडलात.

आता तुमच्या त्या ग्रुपकडे वळू. ‘आली का?’, ‘अजून नाही’, रागानं लाल झालेली तोंडं आणि सकाळी गुलाबाची फुलं, एवढंच तिथे चालत असणार. चालू द्या, त्यानंही बरं वाटतं. पण रोज एक ओळ ठरलेल्या साच्यात पडू द्या. तारीख, मार्ग क्रमांक, यायची वेळ, प्रत्यक्ष आलेली वेळ, बसचा नंबर. आली नाही तर ‘आली नाही’. ‘आपली पीएमपीएमएल’ ॲपवर बस येताना दिसली आणि स्टॉपवर उगवलीच नाही, तर स्क्रीनशॉट ठेवा. हे काम तुम्ही करू नका. कॉलेजच्या त्या दोन पोरांना द्या, मोबाइलवर तक्ता करणं त्यांना दहा मिनिटांचं काम आहे. मावशींना लिहिता येत नसेल तर त्या आवाजात बोलून पाठवतील. अर्ज लिहिणारं एकच माणूस असलं की त्या माणसाला ताप आला त्या दिवशी चळवळ बंद पडते, आणि त्या माणसाला स्कूटी घेतानाही अपराधी वाटतं. तुमचं नेमकं तेच झालंय.

महिनाभर नोंद झाली की माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर द्यायला ते बांधील. लांबलचक विचारू नका. ‘अमुक मार्गावर अमुक महिन्यात, दिवसवार, नियोजित खेपा किती, प्रत्यक्ष झालेल्या खेपा किती, रद्द खेपांची कारणं काय.’ बस. उत्तर आलं की ते आणि तुमचा तक्ता शेजारी ठेवून डेपो मॅनेजरकडे जा. फोन करून, वेळ घेऊन, तिघं-चौघं जा. काका येऊ शकले तर त्यांना न्याच. अर्ज पदाच्या नावे करा, माणसाच्या नाही. पीएमपीला साहेब टिकत नाहीत, आज ज्यांचं नाव घालाल त्यांची उद्या बदली झालेली असेल.

आणि पहिली तक्रार कोणती करायची ठाऊक आहे? ८.०५ला निघून गेलेल्या बसची. उशिरा येणारी बस निदान मिळते तरी, लवकर गेलेली कुणालाच मिळत नाही. शिवाय तिला सबब नाही. ट्रॅफिकमुळे बस उशिरा येते, लवकर जात नाही. या एका तक्रारीला ‘रस्त्याची परिस्थिती बघता’ असं उत्तर देताच येत नाही, म्हणून ती आधी.

नगरसेवकालाही सोडू नका. पीएमपी २००७मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र करून झाली. तिची तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिका ६० आणि ४० टक्के अशी भरून देतात. म्हणजे तुमच्या घरपट्टीतून बस चालते. २०२१ला घरपट्टी शहराची झाली आणि बस मात्र गावाचीच राहिली, हे त्याच्या तोंडावर म्हणायला हरकत नाही. जाताच आहात तर पाटीवरचा फ्लेक्स काढायलाही सांगा. भाऊ त्याच्याच ओळखीचे निघतील. एकट्यानं जमेना तर पीएमपी प्रवासी मंच, परिसर यांसारख्या संस्था या विषयात बरीच वर्षं आहेत, त्यांच्याशी बोला.

हे सगळं व्हायला महिने लागतील आणि तुमचा लेटमार्क उद्या सकाळी आहे. तेव्हा तुमच्या नोकरीचा प्रश्न या लढ्याला बांधून ठेवू नका. तो आजच वेगळा काढा.

तुमच्या गावात येणाऱ्या बस मोजक्या आहेत. पण फाट्यावर, मुख्य रस्त्याला, खडकवासल्याकडून येणाऱ्या सगळ्याच मिळतात. म्हणजे अडचण आहे ती गाव ते फाटा एवढ्या तुकड्याची. मिस्टरांना स्कूटीचा हप्ता परवडतोय, तर आधी रोज सकाळी आठला फाट्यापर्यंत सोडायला काय घेतात ते विचारा. मी थट्टेनं म्हणत नाहीये. खडकवासल्याकडून बसणारं कुणी ओळखीचं असेल तर त्यालाही ग्रुपमध्ये घ्या. ‘बस निघाली, उभं राहायला जागा आहे’ असा एक मेसेज ॲपपेक्षा खरा असतो.

पासचंही बघा. तिकीट तीस रुपये लिहिलंय तुम्ही, म्हणजे जाऊन-येऊन साठ. १ जून २०२५च्या दरवाढीपासून महिन्याचा पास १,५००ला आहे. पंचवीस दिवस दोन्ही वेळा बस मिळाली तर कुठे बरोबरी होते. ज्या दिवशी बस आली नाही म्हणून शेअर रिक्षात बसलात, त्या दिवशी रिक्षाचे गेले आणि पासचेही. शिवाय फाट्यापासून बसलात आणि टप्पा बदलला तर तिकीट आणखी कमी पडेल. तुम्ही पास काढू नका. मावशींचं वेगळं आहे, त्या दिवसात तीन-चार बस बदलतात. त्यांना पास किंवा सत्तर रुपयांचा दिवसाचा पास पुरतो.

ऑफिसात ‘बस उशिरा येते’ हे वाक्य यापुढे उच्चारू नका. साहेबांना ते सबब वाटतं, आणि रोज ऐकलं की सगळ्याच खऱ्या गोष्टी सबबी वाटतात. त्याऐवजी वेळ बदलून मागा, दहा ते साडेसहा. सीएंच्या ऑफिसात जुलैत आणि सप्टेंबरमध्ये तुम्ही किती वाजेपर्यंत बसता? ती वेळ मस्टरवर कुणी लिहीत नाही, यायची मात्र मिनिटाला लिहितात. हे भांडून नाही, हिशेबानं सांगा. रिटर्नची गडबड चालू असताना नको, ती संपल्यावर आठवडाभरात सांगा, तेव्हा तुमची गरज ताजी असते. संध्याकाळचा अर्धा तास जाईल हे खरंय. पण सकाळचा जीव भांड्यात पडेल आणि पगार कापला जाणार नाही.

आता स्कूटी. घ्यावीशी वाटली तर घ्या. स्टॉपवर उभं राहणं म्हणजे व्रत नाही, तुम्ही गेलात म्हणून कुणी शाप देणार नाही. पण वैतागाच्या भरात हप्ता बांधून घेऊ नका. हप्ता, पेट्रोल, विमा, पंक्चर, हे सगळं मांडा. टिळक रस्त्यावर पार्किंगचं काय? सम-विषम तारखेला गाडी कुठल्या बाजूला लावायची ते पी-१, पी-२ आठवावं लागेल, एखाद्या दिवशी चुकलं की गाडी टेम्पोवर चढलेली दिसेल. पावसाळ्यात त्या रस्त्यावर कडेच्या मातीवरून गाडी घसरते, तेव्हा तुमची धास्ती काही भित्रेपणा नाही. माझं मत विचाराल तर फाट्याची सोय आणि ऑफिसची वेळ या दोन गोष्टी आधी तीन महिने करून बघा. त्यानंतरही लेटमार्क पडत राहिले तर गाडी घ्या आणि मागे वळून बघू नका. तोवर तक्ता पोरांच्या हातात गेलेला असेल, तुम्ही सह्यांपुरत्या उरलेल्या असाल. मेट्रोची वाट बघू नका. स्वारगेटला ती २९ सप्टेंबर २०२४ला आली, पण तुम्ही स्वारगेटला पोचलात की ऑफिस आलंच. खडकवासला ते खराडी मार्ग कागदावर आहे, त्यातून प्रवास बहुधा तुमची मुलगी करेल.

मुलीचं मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण त्यात ‘बघू’ चालत नाही. सकाळची बस चुकली तर लेटमार्क पडतो. रात्री आठनंतरची चुकली की सतरा वर्षांची मुलगी अंधाऱ्या थांब्यावर उभी असते, तुम्ही फोनवर असता आणि तिचे बाबा चपला घालून दारात. बस न येण्याची किंमत अख्खं घर मोजतं ती अशी. क्लास बंद करू का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात आलेलं दिसतंय. तो विचार काढून टाका. क्लासच्या सरांना फोन करा आणि तुमच्या बाजूला जाणाऱ्या आणखी कोण मुली आहेत ते विचारा. एक-दोन असतातच. त्यांच्या आयांशी बोलून आठवडा वाटून घ्या. बस मिळाली तर मुली एकत्र बसनं फाट्यापर्यंत येतील आणि तिथून त्या दिवशीचं पालक नेईल. साडेआठपर्यंत बस नाही आली तर थेट क्लासपाशी न्यायला जायचं, हे ठरलेलं असू द्या, रोज फोनवर ठरवायचं नाही. तिला सांगा की थांब्यावर एकटीनं उभं राहायचं नाही, क्लासच्या आत थांबायचं. सरांनी दार पावणेनऊपर्यंत उघडं ठेवलं तर त्यांचं काही बिघडत नाही, तसं स्पष्ट मागून घ्या.

आणि डेपो मॅनेजरकडे जाल तेव्हा रात्रीच्या बसचा अर्ज वेगळा न्या. सकाळच्या अर्जात तो पाचवा मुद्दा झाला तर कुणी वाचणार नाही. एका पानावर एकच मागणी, ‘रात्री ८ ते १० या वेळेतली कुठलीही खेप रद्द करू नये, करावी लागल्यास आधीच्या खेपेच्या कंडक्टरला कळवावं.’ त्यावर सह्या आयांच्या घ्या, त्यात तुमची पहिली नको.

तक्ता सुरू झाला की पहिल्या महिन्याचा मला पाठवा. ८.०५ला सुटलेल्या बस त्यात किती निघतात, ते मला बघायचंय.